वाटूर फाट्यावरची नाडीपरीक्षा

या सदरातून मी दर आठवड्याला कशाबद्दल ना कशाबद्दल तक्रारच करीत असतो, असे आमच्या घरातले मत आहे. 'निदान दिवाळी अंकात तरी एखाद्या गोष्टीबद्दल चांगले लिहा,' असे सौभाग्यवतींनी गणपतीतच बजावून ठेवले होते. चांगले लिहायचे म्हणजे चांगले घडायला हवे. आणि ते घडले खरे, पण घडण्याआधी आठवडाभर आमच्या सगळ्या गोतावळ्याची झोप उडाली होती. तेव्हा थोडी तक्रार येणारच. ती वाचकांनी फराळातल्या कडबोळ्यासारखी गोड मानून घ्यावी.

माझी धाकटी बहीण वाटूरला दिली आहे. जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटूर फाटा लागतो. तिथून एक रस्ता परतूरला फुटतो. गाव परतूर तालुक्यात. १९८१ साली जालना जिल्हा झाला, त्यापूर्वी परतूर परभणी जिल्ह्यात होते. त्यामुळे बहिणीचे सासरे शेवटपर्यंत 'आमची परभणी' असेच म्हणत. कापूस, सोयाबीन, मोसंबी यांचा हा मुलूख. मेहुणे गेल्यावर बहिणीने चार एकर बटाईने लावले आणि थोरल्या मुलाने फोटोग्राफीचा धंदा धरला. आजूबाजूच्या दहा-पंधरा खेड्यांत लग्न असले की आमचा भाचा दोन कॅमेरे, एक छत्री आणि एक लॅपटॉप घेऊन हजर.

यंदाच्या वैशाखातली गोष्ट. लागोपाठ तीन लग्ने आली. भाचा रात्री दोन वाजेपर्यंत जागून चित्रीकरणाची कापाकापी करीत बसला होता. बहिणीला वाटले, पोर जागतेय, एक कप चहा द्यावा. तिने चहा केला, आणून ठेवला. भाच्याने कानांना ती मोठी यंत्रे लावलेली. आई आली कधी, कप ठेवला कधी, त्याला पत्ता नाही. त्याने हात लांबवला आणि अख्खा कप, आल्यासकट आणि साखरेसकट, लॅपटॉपच्या अक्षरांवर ओतला गेला. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

यानंतर त्या घरात जे उपचार झाले ते मी वाचकांच्या माहितीसाठी देतो, म्हणजे त्यांपैकी एकही कुणी करू नये. आधी लॅपटॉप फडक्याने पुसला. मग कळ दाबून पाहिली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा रागाने. मग धाकट्या सुनेचे केस वाळवायचे यंत्र अर्धा तास फिरवले. शेवटी कुणीतरी सांगितले की, तांदळात पुरून ठेवा, तांदूळ पाणी ओढून घेतो. घरात तेवढा तांदूळ नव्हता, म्हणून बहिणीने ते यंत्र ज्वारीच्या पोत्यात पुरले. दोन दिवसांनी बाहेर काढले तेव्हा पोत्यातल्या चार दाण्यांना आल्याचा वास येत होता. लॅपटॉप जिथल्या तिथे.

मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, माझ्या हातून पोराचा धंदा बुडाला." आणि रडू लागली.

आता वाचक विचारतील की, एका यंत्रापायी एवढे काय? तर कॅमेऱ्यातली कार्डे भाच्याने पुढच्या लग्नासाठी पुसून मोकळी केली होती. तिन्ही लग्ने होती ती फक्त त्या लॅपटॉपात. दुसरी प्रत ठेवायची बाहेरची डिस्क 'हंगाम संपला की घेऊ' या यादीत होती. आणि तिन्हींपैकी एका लग्नात नवरीचे आजोबा होते. वय नव्वदीच्या पुढचे. त्यांना खाटेसकट मांडवात आणून बसवले होते, आणि लग्नानंतर नवव्या दिवशी ते गेले. त्या घरचा निरोप दोनदा येऊन गेला होता: बाकीचे सावकाश द्या, आधी आमच्या दादांचे तेवढे दाखवा. भाचा त्यांना 'काम चालू आहे' असे सांगत होता. पोरगा खोटे बोलणारा नाही. त्यामुळे ते खोटे त्याच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होते.

मी जाऊन पोचलो तोवर लॅपटॉप दोन ठिकाणी फिरून आला होता. मोठ्या शहरातल्या एका अधिकृत दुरुस्ती केंद्राने त्याचा पोटपडदा उघडून पाहिला आणि सांगितले की, मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, आणि आतल्या मजकुराची हमी नाही. दुसऱ्या एका दुकानदाराने जरा डोके चालवून आतली डिस्क काढली व आपल्या यंत्राला जोडली. सगळ्यांनी श्वास रोखला. पडद्यावर लग्ने दिसण्याऐवजी एक निळी पाटी आली: ४८ आकडी किल्ली द्या.

ही भानगड मला तिथे प्रथमच समजली. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो. त्या कुलपाचे नाव बिटलॉकर. त्याची रोजची किल्ली त्याच यंत्राच्या मदरबोर्डावर, एका सुरक्षित चिपेत किंवा थेट प्रोसेसरमध्ये, सांभाळलेली असते; त्यामुळे रोज आपल्याला कुलूप असल्याचे कळतसुद्धा नाही. चोराने डिस्क पळवली तर त्याला काही वाचता येऊ नये, हा हेतू. चोरासाठी केलेली ही तजवीज मालकाच्या मुळावर आली. ती ४८ आकडी किल्ली मालकाच्या ऑनलाइन खात्यात जपलेली असते. पण भाच्याचे खाते विकणाऱ्या दुकानातल्या पोराने मनाला येईल त्या नावाने उघडून दिले होते, आणि ते नाव त्यालाही आठवेना. म्हणजे बोर्ड बदलला तरी लग्ने गेली, डिस्क काढली तरी गेली. मार्ग एकच: तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसकट, जिवंत करायचा.

"मामा, फाट्यावर एक जण आहे," भाचा म्हणाला, "पण तो मोबाईल दुरुस्त करतो."

फाट्यावर म्हणजे अक्षरशः फाट्यावर. एका बाजूला वड्यांची कढई, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, समोर एस.टी.ची वाट पाहणारी माणसे, आणि मधे आठ फुटांचे दुकान. आत तिशीचा एक तरुण. आयटीआय झालेला, मग पुण्यात चार वर्षे दुसऱ्याच्या दुकानात बोर्डावर काम केलेले, आई आजारी म्हणून परत आलेला. लोक त्याला इंजिनिअर म्हणतात आणि तो दर वेळी "इंजिनिअर नाही हो, मिस्त्री" असे सांगतो. टेबलावर सूक्ष्मदर्शक, गरम हवेचे यंत्र, सोल्डरची कांडी, मीटर, आणि विजेचा एक डबा. त्या डब्यावर हवा तेवढा दाब लावता येतो आणि यंत्र किती करंट ओढते ते आकड्यांत दिसते.

त्याने लॅपटॉपला हात लावण्याआधी विचारपूस केली. आमच्या घराण्यातल्या जुन्या वैद्यांची मला आठवण झाली. काय सांडले? साखर होती का? दूध होते का? किती वेळाने बंद केला? बॅटरी कधी काढली?

"बॅटरी काढलीच नाही," भाचा म्हणाला.

"कळ दाबली होती?"

"तीनदा."

मिस्त्रीने मान हलवली. "पाण्यानं बोर्ड मरत नाही मामा. पाण्यात वीज असली की मरतो."

त्याने मला जे समजावले त्याचा इतिहास मी घरी आल्यावर चाळून पाहिला. व्होल्टाने १८०० साली आपली बॅटरी जगाला कळवली, आणि त्याच वर्षी निकल्सन व कार्लाईल या दोघा इंग्रजांनी तिच्या तारा पाण्यात घालून पाण्याचे दोन वायू वेगळे केले. बोर्डावर तेच होते. दोन टाके शेजारी शेजारी, एकावर १९ व्होल्ट, दुसऱ्यावर शून्य, मधे गोड चहा. बॅटरी जोडलेली असेपर्यंत एका टाक्याचे तांबे विरघळत राहते आणि त्याची हिरवी बुरशी चढते. आमच्या ज्वारीच्या पोत्यात दोन दिवस हाच उद्योग चालला होता. ज्वारीने पाणी ओढले असेल नसेल. साखर आणि दूध जिथल्या तिथे राहिले. अशा वेळी करायचे ते एवढेच: चार्जर उपटायचा, यंत्र उताणे करून चहा निथळू द्यायचा, कळीला हात लावायचा नाही आणि शक्य तितक्या लवकर कुणाकडून तरी बॅटरीची जोडणी सोडवून घ्यायची.

त्याने बोर्ड बाहेर काढला, पंखा उतरवला, सगळा बोर्ड स्पिरिटच्या जातीच्या एका द्रवाने ब्रशने घासला. दुकानात त्याला आयपीए म्हणतात. मग ध्वनिलहरींच्या टबात बुडवून ठेवला आणि वाळवला. चहाचे पाणी गढूळ होऊन निघाले ते पाहून बहिणीने तोंड फिरवले. ती माझ्याबरोबर हट्टाने आली होती आणि पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसून होती.

मग सुरू झाली नाडीपरीक्षा. या परीक्षेचा पहिला नियम असा की, रोग्याला वीज द्यायचीच नाही. भाच्याने सांगितले होते की, चार्जर लावला की चार्जरवरचाच दिवा विझतो. मिस्त्री म्हणाला, हे लक्षण चांगले. आत शिरल्या शिरल्या वीज कुठेतरी जमिनीला मिळते आहे आणि चार्जर घाबरून स्वतःला मिटून घेतो आहे. त्याने मीटरचा एक काटा चार्जरच्या खोबणीत आणि दुसरा जमिनीला लावला. जमीन म्हणजे बोर्डाचा शून्याचा तांब्याचा पत्रा. ०.६ ओहम. १८२७ साली ओहमसाहेबांनी जो नियम सांगितला त्याचे एवढे थेट प्रात्यक्षिक मी मॅट्रिकलाही पाहिले नव्हते. जिथे हजारो ओहम हवेत तिथे अर्ध्याचा हिशेब.

मी शहाणपणा केला. दुसऱ्या दुकानदाराने 'प्रोसेसरही शॉर्ट आहे' असे चिठ्ठीत लिहून दिले होते. ती चिठ्ठी मी पुढे केली. मिस्त्रीने प्रोसेसरजवळच्या कॉईलवर काटा ठेवला. खरोखरच एक-दोन ओहमचा आकडा आला. माझा चेहरा पडला.

"हे असंच असतं," तो म्हणाला. "प्रोसेसर एक व्होल्टच्या आसपास चालतो, पण करंट ओढतो दहा दहा, वीस वीस अँपिअर. त्याची लाईन मीटरला शॉर्टसारखीच दिसते. असले चांगले बोर्ड लोक भंगारात घालतात."

कितीजणांचे धडधाकट बोर्ड या एका गैरसमजापायी भंगारात गेले असतील, देव जाणे. डॉक्टरने पैलवानाची मंद नाडी पाहून त्याला मरणासन्न ठरवावे, तसा प्रकार.

आता ०.६ ओहम कुठे? खोबणीपाशी एकाच रेषेवर पाच कपॅसिटर शेजारी शेजारी, प्रत्येक तिळाएवढा, रंगाने तपकिरी, दिसायला पाच जुळे भाऊ. पाचही एकाच तारेला जोडलेले असल्याने मीटर सगळ्यांवर तोच आकडा दाखवतो. चोर ओळखायची त्याची युक्ती मला फार आवडली. त्याने विजेच्या डब्यावर १९ नव्हे, फक्त १ व्होल्ट लावला. ज्या रेषेला १९ व्होल्ट झेपतात तिला एकाने काय होणार! मग सगळ्या कपॅसिटरांवर आयपीएचा पातळ थर पसरला आणि वीज सोडली. डब्यावर दीड अँपिअरच्या वर आकडा गेला. चार ठिकाणी ओल तशीच राहिली. तिसऱ्या तिळावरची मात्र डोळ्यांदेखत वाळली. सगळा करंट त्याच्यातून जात असल्याने तो तापला होता. बड्या दुकानांतून यासाठी उष्णता दाखवणारा कॅमेरा असतो म्हणे. इथे एक थेंब पुरला.

गरम हवेने तो तीळ उचलला. मीटर लावला: आकडा ओहमवरून हजारांत गेला. चार्जर लावला, दिवा तेवत राहिला. भाच्याने टाळी वाजवली आणि कळ दाबायला हात पुढे केला. मिस्त्रीने तो हात हळूच बाजूला केला.

इतक्यात स्टुलावरून बहिणीने विचारले, "पण मी म्हणते, बॅटरी तर भरलेली होती की. घरात इन्व्हर्टर असला म्हणजे लाईट गेली तरी पंखा फिरतो. मग हा बॅटरीवर का उठला नाही?"

दुकानात एकदम शांतता झाली. मिस्त्रीने मीटर खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिले. "मावशी, पुण्यात आमच्या उस्तादनं हाच प्रश्न मला विचारला होता," तो म्हणाला. "म्हणजे बिघाड दोन आहेत."

तसेच निघाले. विजेचा डबा १९ व्होल्टवर जोडला, तर करंटचा आकडा जेमतेम ०.०१ अँपिअर. कळ दाबली तरी तेवढाच. यंत्र मेलेले नाही, पण जागेही होत नाही. मग त्याने फोनवर त्या बोर्डाचा नकाशा उघडला आणि वाटेतली एकेक चौकी तपासत गेला. चार्जरची वीज आधी दोन फाटकांतून आत येते. तिथे १९ व्होल्ट ठीक. तिथून एक आयसी तिचे ३.३ आणि ५ व्होल्ट करते. हे दोन दाब घरातल्या दिवा-पाण्यासारखे, ते आल्याशिवाय कळ दाबल्याचेदेखील कुणाला ऐकू जात नाही. त्यानंतर रॅमचा दाब, सर्वांत शेवटी प्रोसेसरचा. असा रांगेचा मान असतो. पुढचा उठल्याशिवाय मागचा उठत नाही. ३.३ च्या कॉईलवर शून्य, ५ च्या कॉईलवर शून्य. दोन्हींवर शॉर्ट नाही. आयसीला १९ व्होल्ट मिळताहेत. मग ती काम का करीत नाही?

"तिला कुणी काम सांगितलंच नाही," मिस्त्री म्हणाला.

या आयसीचा एक पाय हुकुमाचा असतो; त्यावर ठराविक दाब आला की ती चालू होते. तिथे शून्य. हुकूम १९ च्या रेषेवरून एका १ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून येत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मला तो दाखवला. मोहरीच्या टरफलाएवढी ती वस्तू एका टोकाला हिरवी झाली होती आणि तिच्याकडे येणारी तांब्याची रेघ मधेच खाल्ली गेली होती, जणू वाळवीने धरलेली वासाची कड. मीटर म्हणाला: काहीच नाही. एक कप चहाने पंचावन्न हजारांचे यंत्र मुके केले होते ते काही पैशांच्या त्या तुकड्यावर.

भंगारातल्या एका बोर्डावरून त्याने तसलाच रेझिस्टर उचलला. तुटलेल्या रेघेच्या जागी केसाहून बारीक तांब्याची तार ओढली; तिच्यावर लाखेचा लेप असतो, तो दोन टोकांना तेवढा खरवडायचा. या कामाला सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात मंठ्याच्या दोन आणि परतूरची एक एस.टी. आली आणि गेली, वड्यांचा एक घाणा संपला, आणि ज्याची मला भीती होती तेच झाले: नवरीचे चुलते मोटारसायकलवरून फाट्यावर उतरले. त्यांनी भाच्याला पाहिले, उघडा पडलेला लॅपटॉप पाहिला, आणि काही न बोलता माझ्या शेजारी उभे राहिले. भाच्याने त्यांना खरे काय ते सांगून टाकले. ते म्हणाले, "बघू." एवढेच.

मी विचारले की, हे जमले नाही तर पुढे काय? मिस्त्री म्हणाला, बरेच उपाय आहेत, पण त्यातला एक तो करणार नाही: बायोसच्या चिपेत नवी लिखावट भरायची नाही. ती बदलली की कुलपाला परका माणूस आल्याचा संशय येऊ शकतो आणि ४८ आकड्यांची पाटी पुन्हा पुढे उभी राहते. यंत्र सुरू होईल, लग्न मिळणार नाही. दुरुस्त करणाऱ्याने काय करायचे नाही हे आधी ठरवावे, हे मला आमच्या कितीतरी तज्ज्ञांना ऐकवावेसे वाटले. भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'दुरुस्तीच्या हक्का'साठी एक संकेतस्थळ उघडले. फार चांगली गोष्ट आहे. पण हक्क बजावायला असा एखादा मिस्त्री फाट्यावर असावा लागतो, आणि त्याच्या हातात बोर्डाचा नकाशाही असावा लागतो. तो नकाशा त्याला कंपनीकडून नव्हे, आडवाटेने मिळवावा लागतो.

सूर्य कलला होता. त्याने वीज सोडली. ३.३ आले. ५ आले. मग त्याने भाच्याला म्हटले, "आता दाब."

डब्यावरचा आकडा हलला. ०.३. ०.६. मग १ च्या वर, मग खाली, पुन्हा वर. मिस्त्री पडद्याकडे पाहातच नव्हता. त्याची नजर त्या आकड्यावर होती. "स्थिर राहिला असता तर काळजी होती," तो म्हणाला. "वर-खाली होतोय म्हणजे विचार करतोय." पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले, मग गोल गोल फिरणारे ठिपके आले. निळी पाटी आली नाही.

अक्षरांच्या फळीतली निम्मी अक्षरे चहाने चिकटली होती. बाहेरची फळी जोडावी लागली. पण तिन्ही लग्ने जागच्या जागी होती. मिस्त्रीने काही पाहू देण्याआधी सगळे दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवून घेतले. एक त्याने उधार दिली, दुसरी मी जालन्याहून आणली होती. मजुरी त्याने अठराशे रुपये सांगितली. बहीण म्हणाली, बिघाड दोन होते. तो म्हणाला, दुसरा तुम्हीच काढला मावशी.

चुलत्यांच्या आग्रहाने आम्ही त्याच रात्री त्यांच्या घरी गेलो. अंगणात भिंतीला पांढरे धोतर बांधले, भाच्याने आपला प्रोजेक्टर लावला. नवरी सासरहून आलेली होती. मांडव दिसला, वाजंत्री दिसली, मग खाटेवरचे आजोबा दिसले. सगळ्यांना वाटले, आता ते नातीला आशीर्वाद देणार. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि थेट कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ए पोरा, तो उजेड बंद कर आधी, नातीचं तोंड दिसंना मला."

नवरीने भाच्याला तेवढे पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. चौथ्यांदा लावले तेव्हा तिच्या आईने आत जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला, आणि माझ्या बहिणीने उठून सगळे कप टेबलापासून दूर, पार उंबऱ्यापाशी नेऊन ठेवले.